गरगरतं की अंधारी येते

डेपोत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणायचे. बाकीच्या ड्रायव्हरांना टोपणनावं होती. कुणी पैलवान, कुणी शेठ, कुणी खोकला. तिला टोपणनाव देण्याइतकंही कुणी जवळ केलं नव्हतं. बसच्या त्या डेपोत बायका होत्या, पण त्या कार्यालयात, नाहीतर झाडूपोच्याला. स्टिअरिंगवर ती एकटीच. नोकरीला लागली तेव्हा महिनाभरात रडत घरी जाईल म्हणून लोकांनी पैजा लावल्या होत्या. पैज लावणारे निम्मे निवृत्त होऊन गेले, ही आपली गाडी चालवतच राहिली.

चालवायची मात्र झकास. तिच्या बसमध्ये उभे असलेले प्रवासी दांडी न धरता गप्पा मारत. तिचा रूट नदीपलीकडच्या कारखान्यांकडे जायचा. पहाटपाळीचे कामगार सीटवर टेकले की डोळे मिटत आणि थेट शेवटच्या थांब्यावर जागे होत. ब्रेक कधी लागला, वळण कधी आलं, कुणाला कळायचं नाही. ‘तुमच्या गाडीत झोप छान लागते’ असं एका म्हाताऱ्या फिटरने तिला एकदा सांगितलं होतं. नोकरीत तिचं झालेलं कौतुक म्हणजे तेवढंच.

पन्नाशी ओलांडल्यावर एका सकाळी अंथरुणात उजव्या कुशीवर वळली, आणि खोली फिरली. डोकं जड झालं वगैरे नाही, सगळी खोलीच फिरली. पंखा, कपाट, खिडकी, सगळं एका बाजूला ओढलं जात होतं. तिने गादी घट्ट धरली. थोड्या वेळात सगळं जागच्या जागी आलं, पोटात मात्र ढवळत राहिलं. पित्त असेल म्हणून ती कामावर गेली. दोन-चार दिवसांनी गाडी काढण्याआधी वरची पाटी बरोबर लावली आहे का ते बघायला मान वर केली, आणि पुन्हा तेच. तिने गाडीचा बाहेरचा आरसा धरला नसता तर तिथेच आडवी झाली असती.

स्टिअरिंगवर असताना तिला एकदाही चक्कर आली नव्हती. पण आली तर? मागे माणसं झोपलेली असतात, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिच्या गाडीवरचा कंडक्टर समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, गपचूप औषध घे आणि गाडी चालव. तिने ऐकलं नाही. त्याच दिवशी डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि मला चक्कर येते असं स्वतःच्या तोंडाने सांगून आली.

मॅनेजरने तिला डेपोच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे डॉक्टर गॅरेजमागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा बसायचे. त्यांनी तिची मान दाबून पाहिली, एक्स-रे काढायला लावला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले की मणके झिजलेत, या वयात व्हायचंच. मानेला पट्टा, सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि गाडी बंद. चक्कर म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

तिला पासच्या खिडकीवर बसवलं. तिचा रूट पैलवानाला मिळाला. हा तिच्याच बरोबर नोकरीला लागलेला, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. गळ्यात पट्टा घालून ती डेपोच्या आवारातून चालली की तो मागून हात पसरून, गिरक्या घेत चालून दाखवायचा. लोक खो खो हसायचे. त्यानेच तिला ‘भिरभिरं’ म्हणायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी तिला टोपणनाव मिळालं ते असं.

गोळ्यांनी चक्कर थांबली नाही, झोप मात्र वाढली. जीभ जड, पाय जड. रस्त्याने चालताना झोक जायचा आणि लोक दारूड्याकडे पाहावं तसं पाहायचे. तिने आणखी डॉक्टर केले. एकाने रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. दुसऱ्याने ताण घेऊ नका असं सांगितलं. तिसऱ्याने तिच्याशी न बोलता तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि ह्या वयात बायकांचं असं होतं, मनावर घेऊ नका म्हणून समजावलं. त्यानेही ते मनावर घेतलं नाही.

नवरा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. बाजाराच्या तोंडाशी त्याचं किल्ल्या बनवण्याचं छोटं दुकान होतं. बायको पहाटे गाडीवर जाणार, त्यामुळे अर्धं आयुष्य त्याने सकाळचा चहा स्वतःच केला होता आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. पण ती खिडकीवर गेल्यापासून त्याचा चेहरा उजळला होता. सकाळी आयता चहा, संध्याकाळी गरम जेवण. एकदा त्याचा भाऊ घरी आला असताना तो म्हणाला, “काही म्हण, आता घर घरासारखं वाटतं.” ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, कारण खाली वाकल्यावर नुकतीच फरशी फिरली होती. ते वाक्य तिने ऐकलं आणि गॅस बंद केला. जेवायला त्या दिवशी उशीर झाला, पण का झाला हे कुणी विचारलं नाही.

अशी दीड-दोन वर्षं गेली. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही. तीन उश्या पाठीला लावून ती बसल्यासारखी झोपायची.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती सुट्टीला आली, आईला असं बसून झोपलेलं पाहिलं आणि हादरली. परत गेल्यावर तिने शोधाशोध केली. फक्त चक्करेचेच रुग्ण पाहणाऱ्या एक डॉक्टर होत्या, पार लांबच्या शहरात, पण त्या फोनच्या पडद्यावरूनही तपासत. मुलीने वेळ घेऊन टाकली. ड्रायव्हरबाईला ते पटलं नव्हतं. समोर बसलेल्या डॉक्टरला जे दिसलं नाही ते फोनवर काय दिसणार, असं तिचं म्हणणं. नवऱ्याने तर सरळ खूळ म्हटलं. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त फोन धरा. मत देऊ नका.”

ठरल्या दुपारी फोन लागला. पडद्यावर आखूड केसांच्या, सर्दीने नाक लाल झालेल्या एक मध्यमवयीन बाई. त्यांनी नाक पुसलं, माफ करा म्हणाल्या, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“चक्कर म्हणजे तुम्हाला नक्की काय होतं? गरगरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो?”

आवाज पोचला नाही असं वाटून डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पण आवाज पोचला होता. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, म्हणून ती थांबली होती. मग तिने सांगितलं. कुठल्या कुशीवर, किती वेळ, वर पाहताना कसं, वाकताना कसं. डॉक्टर मध्ये मध्ये विचारत होत्या. एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ अडखळते का, हातापायातली ताकद गेली का, कानाला कमी ऐकू येतं का. एक्स-रे कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. मग म्हणाल्या, आता पलंगावर बसा आणि मी सांगते तसं करा.

खांद्याखाली उशी येईल अशा बेताने बसायचं, मान उजवीकडे वळवायची आणि झटकन मागे आडवं व्हायचं, डोकं उशीच्या पलीकडे थोडं लोंबतं. नवऱ्याने फोन तिच्या डोळ्यांजवळ धरायचा. त्याने आधी छत दाखवलं, मग स्वतःचं नाक.

“नाक चांगलं आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण मला त्यांचे डोळे हवेत.”

ती आडवी झाली. क्षणभर काहीच नाही. मग खोली सुटली. तिने नवऱ्याचा शर्ट मुठीत धरला. आणि नवऱ्याने, इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळून, बायकोच्या डोळ्यांत पाहिलं. तिची बुबुळं आपोआप उडत होती. गोल फिरल्यासारखी, वर झटका देत, पुन्हा पुन्हा. कुणी ठरवून केलं तरी जमणार नाही असं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, डोळे मिटू नका, थांबेल, आत्ता थांबेल. ते थांबलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कानाच्या आत खूप खोलवर तोल सांभाळणारी जागा असते. तिथले बारीक खडे जागचे सुटून भलत्या नळीत गेलेत. डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं की आपण फिरतोय. मानेचा यात काहीच दोष नाही. आता आपण ते खडे परत जागेवर ढकलू. त्यांनी तिची मान डावीकडे वळवायला लावली, मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग हळूच उठून बसायचं. प्रत्येक पायरीला थोडं थांबायचं. चहा उकळून गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पुन्हा तपासलं, तेव्हा बुबुळं जेमतेम हलली. आठवड्याने पुन्हा फोन झाला तेव्हा काहीच नव्हतं. गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इतका काळ त्या घ्यायलाच नको होत्या, त्यांनीच झोक जातोय, हळूहळू बंद करा.

त्या रात्री ती उजव्या कुशीवर झोपली. आनंद व्हायला हवा होता. पण आत सगळा संताप भरून आला होता. जे इतक्या सहज हटलं, त्यासाठी तिची गाडी गेली होती. सकाळी नवऱ्याने पट्टा कपाटावर टाकत म्हटलं, “चला, सुटलीस एकदाची. आता खिडकीवर निवांत बस.” तिने त्याच्यासाठी चहा ठेवला नाही. चहा त्या दिवसापासून पुन्हा तोच करू लागला.

ती मॅनेजरकडे गेली. मी बरी आहे, मला गाडी द्या. मॅनेजर म्हणाले, डेपोच्या डॉक्टरांनी पास केलं तर देतो. डेपोचे डॉक्टर हसले. “फोनवर उलटं लोंबकळवून बरं केलं म्हणता?” मणके काय पुन्हा वाढले का, असंही विचारलं. तिने लांबच्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र मागवलं. त्यांनी ते मनापासून लिहून दिलं. डेपोच्या डॉक्टरांनी त्यावरून नजर फिरवली आणि पडद्यावरच्या तपासणीची जबाबदारी मी घेऊ शकत नाही असं सांगून परत दिलं. जबाबदारी घ्यायची म्हणजे आधी आपलं चुकलं हे मान्य करायचं, आणि निवृत्तीला आलेल्या बाईसाठी एवढं कोण करतो? मॅनेजरही एव्हाना कंटाळले होते. म्हणाले, बाई, तुम्ही स्वतःच येऊन सांगितलंत ना चक्कर येते म्हणून? नसतं सांगितलं तर कुणाला कळलं असतं?

हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. कारण ते खरं होतं, आणि केबिनच्या उघड्या दारातून सगळ्या डेपोने ते ऐकलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, पैलवान तिच्या दारात उभा. तो तिच्या घरी कधी आला नव्हता. चप्पल काढताना त्याने दाराची चौकट धरली ते तिने पाहिलं. आत येऊन बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “ताई, तुझ्या त्या फोनवाल्या डॉक्टरांकडे माझं काम कर.”

ताई हे त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दोन महिने त्यालाही चक्कर येत होती. घरी सांगितलं नव्हतं, डेपोत तर नाहीच. का सांगितलं नाही असं तिने विचारलं. तो म्हणाला, “तुझं काय झालं ते बघितलं की.”

त्याला हाकलून द्यावं असं तिला वाटलं. गिरक्या घेत चालणारा तो तिला आठवला नाही असं नाही. पण तिने डॉक्टरांना निरोप पाठवला आणि त्यांनी त्याच दुपारी वेळ दिली. पैलवान पलंगाच्या कडेला अंग चोरून बसला. तिने फोन धरला. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, गरगरतं की अंधारी येते?

अंधारी, तो म्हणाला. गरगरत काहीच नाही. बसल्या बसल्या एकदम डोळ्यांपुढे काळं होतं. कधी जिना चढताना, कधी काहीच न करता. डॉक्टरांनी विचारलं, कधी शुद्ध गेली होती? त्याने ड्रायव्हरबाईकडे पाहिलं, मग खाली. मागच्या आठवड्यात सिग्नलला गाडी उभी होती. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून तो जागा झाला. सिग्नल कधी हिरवा झाला ते त्याला माहीत नव्हतं. गाडी भरलेली होती.

डॉक्टरांचा आवाज बदलला. त्यांनी मनगटावरची नाडी मोजून घेतली, पुन्हा मोजायला लावली. म्हणाल्या, हा कानाचा प्रकार नाही, हे माझ्याकडचं दुखणंच नाही. हृदयाचे ठोके मध्येच अडत असावेत. आजच्या आज हॉस्पिटलात जा, ईसीजी काढा, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत गाडीला हात लावू नका. तुमची स्वतःचीसुद्धा नाही. त्याने हो हो म्हटलं. फोन बंद झाल्यावर तो ड्रायव्हरबाईला म्हणाला, आज जातो, उद्या रजा टाकतो. फक्त तू कुणाला बोलू नकोस. मुलीचं लग्न ठरतंय, बाप आजारी म्हटल्यावर लोक मागे सरतात. ती म्हणाली, तू रजा टाकलीस तर मला बोलायचं कारणच नाही.

दुसऱ्या दिवशी ती खिडकी उघडत होती. आवारात तिच्या जुन्या गाडीचं इंजिन सुरू झालं. स्टिअरिंगवर पैलवान होता. त्याने तिला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

ती खुर्चीतून उठली खरी, पण लगेच पाय उचलले नाहीत. आपण सांगितलं तर लोक काय म्हणतील हे तिला स्वच्छ दिसत होतं. नाही सांगितलं तर कारखान्याचे लोक सीटवर टेकून डोळे मिटतील हेही दिसत होतं. ती मॅनेजरच्या केबिनकडे गेली, दार न वाजवता आत शिरली आणि म्हणाली, “ती गाडी फाटकाबाहेर सोडू नका. तो गाडी चालवताना बेशुद्ध पडलाय एकदा. त्यानेच सांगितलंय.”

गाडी फाटकात अडवली. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बघत होते. पैलवान खाली उतरला तो चालत तिच्यासमोर आला आणि तसाच मागे वळला. बाकीचेच बोलले. सूड उगवला. नागिणीसारखा डूख धरून बसली होती. घरी बोलावून त्याच्या पोटातलं काढून घेतलं आणि चहाडी केली. कंडक्टर, तिचा जुना कंडक्टर, तोही म्हणाला की तुझं खरं आहे, पण असं करायला नको होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. पैलवानाच्या हृदयाचे ठोके मध्येच काही क्षण थांबत होते. छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी थोडे दिवस गेले असते तर माणूस हाती लागला नसता. हे डेपोत सगळ्यांना कळलं. तरी कुणी येऊन तिला काही म्हटलं नाही. त्याच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते मात्र येऊन सांगितलं. पैलवानाची बायको बाजारातून जाताना किल्लीचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. नवऱ्याने ते घरी सांगितलं. म्हणाला, तुला काय पडलं होतं? ती म्हणाली, माणसं पडली असती नदीत. नंतर कधी त्याने तो विषय काढला नाही.

पैलवान बरा झाला, पण गाडी गेलीच. त्याला हलकं काम म्हणून पासचीच खिडकी मिळाली. दोन खिडक्या शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी लाकडी फळी. तो रोज यायचा, स्वतःचा रुमाल खुर्चीवर घालून बसायचा, आणि दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. सुटे हवे असले तर रांगेतल्या माणसाच्या हाती नोट पाठवायचा. तिनेही बोलायचा प्रयत्न केला नाही. अशी वर्ष-सव्वा वर्ष ही दोघं चांगली चालवणारी माणसं तिथे बसून दुसऱ्यांच्या गाड्या बाहेर पडताना बघत राहिली. दर वर्षी ड्रायव्हरांची तपासणी व्हायची. डेपोचे डॉक्टर विचारायचे, काही त्रास? रांगेतला प्रत्येक जण म्हणायचा, काही नाही. चक्कर? छे. खिडकीतून तिला ते ऐकू यायचं. ह्यातले किती जण खरं बोलतायत हे तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही उरली नव्हती.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी रांग लांब होती. पैलवान शिक्का मारता मारता थांबला. तिच्याकडे न बघता, समोरच्या जाळीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर मी स्टिअरिंगवरच गेलो असतो. ड्रायव्हर म्हणून गेलो असतो.”

ती म्हणाली, “गाडीत तू एकटा नव्हतास.”

मग त्याने शिक्का पेटीत टाकला, हात वर करून खिडकीची झडप खाली ओढली आणि बाहेर निघून गेला. त्याच्या पुढ्यातली रांग कुरकुरली, ह्या लोकांना कामं नकोत असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे सरकून तिच्या खिडकीपुढे आले. तिने पहिल्याचा पास हातात घेतला आणि शिक्का मारला.